पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन: सोनोग्राफीपासून स्टेंट काढेपर्यंत कोणत्या क्रमाने जायचं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ही आता नेहमीची गोष्ट आहे. साधी केस असेल तर टेबलावरचं काम तासाभरात उरकतं. घोटाळा होतो तो त्याच्या आधी आणि नंतर. खडा पित्तनलिकेत उतरलेला असताना नुसती पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, काढली जाते. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) झाल्यावर बरं वाटलं म्हणून पिशवी खड्यांसकट तशीच राहते. नलिका उघडी राहावी म्हणून बसवलेली बारीक नळी, म्हणजे स्टेंट, तीन महिन्यांत काढायचा असताना वर्षानुवर्षं आत राहून तुंबतो. ठरलेल्या दिवशी सकाळी कपभर चहा घेतला म्हणून ऑपरेशन पुढे जातं. कोणती तपासणी कशानंतर करायची, कोणती गोळी केव्हा थांबवायची, डिस्चार्ज कार्डावर काय लिहून घ्यायचं, हे घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असलं तर यातलं बहुतेक टळतं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

औषधांबद्दल खाली जे दिवस दिले आहेत, ते डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे कळावं म्हणून. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

## १. दुखणं खड्याचंच आहे का, ते आधी ठरवा

खड्याची कळ बहुतेकदा छातीच्या खालच्या खळग्यात किंवा उजव्या बरगडीखाली येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि मग पूर्ण ओसरते. तेलकट जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री येते. जत्रेचं मटण खाल्लं, मध्यरात्री कळ आली, पहाटे उलटी होऊन थांबली, हे अगदी नेहमीचं चित्र. ॲसिडिटीची गोळी आणि सोडा घेऊन माणूस महिनोन्‌महिने काढतो, कारण कळ आपोआप थांबते आणि श्रेय गोळीला जातं.

पोट फुगणं, ढेकर आणि घशाशी आंबट येणं एवढाच त्रास असेल आणि सोनोग्राफीत योगायोगाने खडे सापडले असतील, तर ऑपरेशननंतरही ढेकर तसेच राहू शकतात. हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

कधीच कळ न आलेल्या खड्यांचं सहसा ऑपरेशन करत नाहीत. अशा बहुतेक लोकांना आयुष्यभर त्रास होत नाही. अपवाद मोजके आहेत: १० मि.मी. किंवा त्याहून मोठा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरचा कोंब), तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठलेला असणं. अशा वेळी कॅन्सरच्या शक्यतेमुळे पिशवी काढण्याचा विचार करतात.

इथे होणारी चूक: मुतखड्याचे उपाय पित्ताच्या खड्यावर करणं. पानफुटीची पानं, कुळथाचं कढण किंवा भरपूर पाणी यांचा पित्ताशयातल्या खड्याशी संबंध नाही, तो लघवीवाटे पडण्याचा मार्गच नाही. खडे विरघळवण्याच्या गोळ्या आहेत, पण त्या फक्त छोट्या, चुना न बसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे बऱ्याचदा परत होतात. नुसता खडा फोडून काढणं आणि पिशवी ठेवणं हाही टिकाऊ उपाय नाही, कारण खडे बनवणारी पिशवी तिथेच राहते.

## २. सोनोग्राफीचा रिपोर्ट ओळीओळीने वाचा

सोनोग्राफीच्या आधी सहा ते आठ तास काही खायचं नाही. खाल्लं की पित्ताशय आकसतं, आतले छोटे खडे दिसत नाहीत आणि भिंत विनाकारण जाड वाटते. रिपोर्टमध्ये ‘कॉन्ट्रॅक्टेड’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही खाऊन गेला होतात, तर तपासणी उपाशीपोटी पुन्हा करून घ्या.

रिपोर्ट साधारण असा असतो: जीबी डिस्टेंडेड, मल्टिपल कॅलक्युलाय, लार्जेस्ट ९ एमएम. वॉल थिकनेस २.५ एमएम. नो पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड. सीबीडी ९ एमएम. आयएचबीआर माइल्डली प्रॉमिनंट. (जीबी म्हणजे पित्ताशय, कॅलक्युलाय म्हणजे खडे, वॉल म्हणजे पित्ताशयाची भिंत, पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड म्हणजे त्याभोवतीचं पाणी, आयएचबीआर म्हणजे यकृताच्या आतल्या पित्तनलिका.)

घरातले सगळे पहिल्या ओळीतले ९ एमएम वाचून थांबतात. ‘खडा केवढा?’ हाच प्रश्न पाव्हण्यांपासून सगळे विचारतात. पण या रिपोर्टमधलं महत्त्वाचं वाक्य आहे सीबीडी ९ एमएम. सीबीडी म्हणजे यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका. ती साधारण ६ मि.मी.पर्यंत असते, उतारवयात थोडी रुंद होते. पित्ताशय जागेवर असताना ती ९ मि.मी. आहे आणि यकृताच्या आतल्या नलिकाही फुगू लागल्या आहेत, म्हणजे खाली कुठेतरी अडथळा असू शकतो. सोनोग्राफीत नलिकेतला खडा दिसला नाही, तरी तो नाही असं म्हणता येत नाही. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमागे लपतं.

भिंतीची जाडी ३ मि.मी.पेक्षा जास्त आणि भोवती पाणी असेल, तर पित्ताशयाला सूज आहे. भिंत एकाच बाजूला जाड किंवा ओबडधोबड असेल, तर ऑपरेशनच्या आधी सीटी स्कॅन लागतो. तसा उल्लेख असताना घाईने दुर्बिणीची तारीख घेऊ नका.

मोठ्या खड्याची भीती सगळ्यांना वाटते, पण ३-४ मि.मी.चे बारीक खडे जास्त फसवे. ते सहज नलिकेत उतरतात आणि स्वादुपिंडाला सूज आणतात.

## ३. पित्तनलिका मोकळी आहे का? ऑपरेशनच्या आधीच पाहा

साऱ्या क्रमातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि घाईत नेमका हाच वगळला जातो.

पहिली पायरी, रक्ताची एलएफटी, म्हणजे यकृताच्या कामाची तपासणी. बिलिरुबिन (एकूण आणि डायरेक्ट दोन्ही), एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि शक्यतो जीजीटी. एकूण बिलिरुबिन साधारण १.२ मिलिग्रॅमच्या आत असतं. ते वाढलेलं आहे, त्यात डायरेक्टचा वाटा मोठा आहे आणि अल्कलाइन फॉस्फटेजही वर गेलंय, तर नलिकेत अडथळ्याचा संशय घ्यायचा. ही तपासणी ताजी हवी. महिन्यापूर्वीची एलएफटी चांगली होती आणि मध्ये कळ येऊन गेली, तर ती तपासणी जुनी झाली.

दुसरी पायरी, एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. नलिका रुंद असेल, एलएफटी बिघडलेली असेल, कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज होऊन गेली असेल, तर ही करतात. एमआरआय मशीनमध्येच होते, शिरेतून औषध सहसा लागत नाही, चार-सहा तास उपाशी राहावं लागतं. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट किंवा शरीरात कुठे धातू असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. फार बारीक खडा एमआरसीपीतही सुटू शकतो, तेव्हा दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी म्हणजे ईयूएस उपयोगी पडते.

तिसरी पायरी, नलिकेत खडा असेल तर ईआरसीपी. बाजूने पाहणारी दुर्बीण तोंडातून लहान आतड्यापर्यंत नेतात, नलिकेचं तोंड थोडं कापून मोठं करतात आणि फुगा किंवा जाळी घालून खडा ओढून आतड्यात सोडतात. नलिका पूर्ण साफ झाली नसेल किंवा सूज असेल तर प्लास्टिकचा स्टेंट ठेवतात. ही तपासणी नव्हे, उपचार आहे. शंभरातल्या साधारण पाच रुग्णांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते, म्हणून नुसतं ‘बघून घेऊ’ म्हणून ईआरसीपी करायची नसते. बघण्यासाठी एमआरसीपी आहे.

ईआरसीपीच्या दिवशी रात्री पोटात जोरात दुखून उलट्या होऊ लागल्या, तर गॅस समजून घरी थांबू नका. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत काळी, डांबरासारखी शी झाली तर तो कापलेल्या जागेतला रक्तस्राव असू शकतो.

चौथी पायरी, पिशवी काढणं. ईआरसीपीने फक्त नलिका साफ होते. पित्ताशयातले खडे जिथल्या तिथे असतात आणि पुन्हा उतरू शकतात. म्हणून दुर्बिणीचं ऑपरेशन त्याच भरतीत किंवा दोन आठवड्यांच्या आत करावं. कावीळ उतरली, भूक लागली, माणूस शेतावर गेला आणि ऑपरेशन राहिलं, असं या भागात फार होतं. काही ठिकाणी एकाच वेळी दुर्बिणीतून पिशवीही काढतात आणि नलिकाही उघडून साफ करतात. तो अनुभव असलेला सर्जन असेल तर तोही चांगला मार्ग आहे.

थांबा. ताबडतोब हॉस्पिटल गाठा: उजव्या बाजूला दुखणं, थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे, ही तिन्ही एकत्र आली तर नलिकेत पू होतोय. रक्तदाब उतरला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर जीव धोक्यात आहे. इथे आधी नलिकेचा निचरा आणि प्रतिजैविकं, पिशवीचं ऑपरेशन मागाहून. १०८ ला फोन करा आणि जिथे ईआरसीपी होते अशाच ठिकाणी न्या. जत, आटपाडी, दहिवडी किंवा पाटणच्या बाजूने निघताना आधी फोन करून विचारलं, तर एक हॉस्पिटल करून दुसरं गाठण्यात जाणारे तास वाचतात.

काविळीबद्दल: लघवी चहासारखी गडद, शी पांढुरकी आणि अंगाला खाज असेल, तर ही अडथळ्याची कावीळ आहे. ती उतरवायला नाकात औषध घालणं, डाग देणं, माळ बांधणं यात जो वेळ जातो तेवढ्यात यकृत आणखी बिघडतं. रक्त गोठण्याची क्षमताही कमी होते. म्हणून अशा रुग्णाची आयएनआर तपासणी करतात आणि गरज पडल्यास ‘के’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. वय जास्त असेल, वजन घटलं असेल आणि कावीळ न दुखता वाढत असेल, तर खडा नसून गाठ असण्याची शक्यता मोठी. तिथे सीटी स्कॅन आधी, स्टेंट नंतर. स्टेंट आधी टाकला तर स्कॅनमध्ये गाठ नीट कळत नाही.

## ४. तारीख कशी ठरवायची

कळ येऊन गेलीय, ताप नाही, एलएफटी चांगली आहे, अशा रुग्णाने काही आठवड्यांत सोयीची तारीख घ्यायला हरकत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडे ‘द्राक्षं उतरली की करू’ आणि ऊसपट्ट्यात ‘तोड झाली की करू’ असं म्हणतात. एकच कळ येऊन गेली असेल तर हे चालू शकतं. कळा वारंवार येऊ लागल्या असतील तर चालत नाही. प्रत्येक सुजेनंतर पित्ताशय आतड्याला आणि नलिकेला चिकटत जातं, आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

पित्ताशयाला अचानक सूज आली, म्हणजे दुखणं सहा तासांपेक्षा जास्त टिकलं, ताप आला आणि उजव्या बरगडीखाली दाबल्यावर श्वास अडला, तर पूर्वी सहा आठवडे थांबायला सांगत. आता शक्यतो पहिल्या ७२ तासांत आणि फार तर आठवड्याभरात ऑपरेशन करणं योग्य मानतात. त्या काळात सूज ओली असते आणि थर सुटे करता येतात. ही वेळ टळली तर मात्र सर्जन थांबायला सांगू शकतात. त्यामुळे ‘दोन दिवस सलाईन लावून बघू’ यात वेळ घालवू नका.

खड्यामुळे स्वादुपिंडाची सौम्य सूज झाली असेल, तर त्याच भरतीत पिशवी काढून घ्यावी. घरी गेलेल्यांना दुसरा झटका येण्याचा धोका असतो आणि तो पहिल्यासारखा सौम्य असेलच असं नाही.

## ५. हॉस्पिटल आणि कागदपत्रं

साध्या केससाठी दुर्बिणीची चांगली सोय, भूलतज्ज्ञ आणि गरज पडली तर पोट उघडून ऑपरेशन पुरं करणारा सर्जन पुरेसा. नलिकेचा खडा, आधीची पोटाची मोठी ऑपरेशनं, यकृताचा सिरोसिस किंवा हृदयविकार असेल तर आयसीयू आणि ईआरसीपी एकाच छताखाली असलेलं ठिकाण बरं. सातारचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय कऱ्हाड-मिरजेतली मोठी हॉस्पिटलं ही या भागातली नेहमीची ठिकाणं. जाण्याआधी ‘ईआरसीपी कोणत्या वारी होते?’ हे विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण पूर्वमंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. हॉस्पिटल योजनेत असणं पुरेसं नाही. तुमची शस्त्रक्रिया त्या हॉस्पिटलला योजनेखाली करता येते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या प्रतिनिधीकडून) आधी समजून घ्या. मंजुरी अडण्याचं साधं कारण म्हणजे शिधापत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. तारीख घेण्याआधी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा.

फाईलमध्ये मूळ सोनोग्राफी, तारीखवार एलएफटी, एमआरसीपीची फिल्म किंवा सीडी, जुन्या ऑपरेशनची कार्डं आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स ठेवा. ‘बीपीची पांढरी गोळी’ असं सांगून भूलतज्ज्ञांना काही कळत नाही.

## ६. आधीचा आठवडा: गोळ्या आणि सवयी

रक्त पातळ करणारी औषधं. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन ५ दिवस, नव्या प्रकारच्या ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅनसारख्या गोळ्या सुमारे २ दिवस. ॲस्पिरिन बऱ्याचदा चालू ठेवतात. हृदयात स्टेंट बसून वर्ष झालं नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका.

मधुमेहाच्या गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस आधी थांबवायच्या असतात. चालू राहिल्या तर उपाशीपोटी साखर साधारण दिसत असतानाही रक्तात आम्ल साठतं, आणि ते पटकन ओळखू येत नाही. ही औषधं बऱ्याचदा मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनसोबत एकाच गोळीत असतात, म्हणून नुसतं ब्रँडचं नाव वाचून कळत नाही. स्ट्रिपच्या मागचे घटक वाचा. वजन किंवा साखर कमी करण्याचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भुलीच्या वेळी अन्न घशात येऊ शकतं.

रक्तदाब. काही गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही त्या दिवशी टाळायच्या असतात. भूलतज्ज्ञांकडून प्रत्येक गोळीपुढे ‘घ्या’ किंवा ‘नको’ असं लिहून घ्या.

विडी, तंबाखू आणि मिश्री जितकी आधी सुटेल तितकं बरं. मिश्रीचा विषय बायका डॉक्टरांपुढे काढत नाहीत, पण ऑपरेशनच्या सकाळी मिश्री लावणंही पोटात तंबाखू जाणंच आहे. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर तारखेच्या आधीच फोन करा. छातीत कफ असताना भूल देणं धोक्याचं.

## ७. आदल्या रात्रीपासून टेबलापर्यंत

जड जेवण ८ तास आधी, हलकं जेवण आणि दूध ६ तास आधी बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा हा दुधातच मोजायचा. सकाळी आठचं ऑपरेशन असेल तर पहाटेचा चहा नाही, बिस्किट नाही, ‘अर्धाच कप’ही नाही. चुकून घेतलाच असेल तर लपवू नका. भुलीत ते फुप्फुसात गेलं तर माणूस दगावू शकतो.

हातावर गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, नाकातली मोरणी आदल्या दिवशी घरीच काढून ठेवा, कारण ऑपरेशनमध्ये विजेचं उपकरण वापरतात आणि धातूजवळ भाजण्याचा धोका असतो. हिरवा चुडा काढायला कुणाचं मन होत नाही. मग निदान हॉस्पिटलला आधी सांगून ठेवा. कवळी काढा. बेंबी साबणाने नीट स्वच्छ करा, पहिलं छिद्र तिथेच पडतं. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात.

## ८. सहीपूर्वी काय समजून घ्यायचं

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारण चार छिद्रांतून काम करतात. सर्जन पित्ताशयाच्या मानेजवळची चरबी आणि पडदे साफ करतात, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा करतात आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, म्हणजे त्याची नळी आणि रक्तवाहिनी, स्पष्ट दिसल्यावरच क्लिप लावून कापतात. ही खात्री न होता कापलं तर मुख्य पित्तनलिका कापली जाऊ शकते. हजारात तीन ते पाच रुग्णांत अशी इजा होते.

म्हणून संमतिपत्रावर दोन गोष्टी विचारा. गरज पडल्यास पोट उघडण्याची परवानगी, आणि अवघड वाटल्यास पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवण्याची परवानगी. पोट उघडलं म्हणून सर्जन कमी पडला, असं नातेवाइकांना वाटतं. खरं तर चिकटलेल्या जागी वेळीच मार्ग बदलणं हे सुरक्षित सर्जनचं लक्षण आहे. पित्ताशय बाहेर आल्यावर नातेवाइकांना खडे बाटलीत दाखवतात. ते बघा, पण सोबत ‘पिशवी बायोप्सीला पाठवली का?’ हेही त्याच वेळी विचारा.

## ९. पहिले ४८ तास

त्याच दिवशी संध्याकाळी उठून चालायला लावतात, ते करा. उजवा खांदा दुखतो, कारण उरलेला गॅस छाती आणि पोटामधल्या पडद्याला चेतवतो. दोन-तीन दिवसांत जातं. चार-सहा तासांनी पाणी, मग पातळ पदार्थ, दुसऱ्या दिवशी मऊ भात, मुगाची आमटी, ताक.

ड्रेनची (पोटात साठणारं पाणी बाहेर काढणारी) नळी असेल तर तिला जोडलेल्या पिशवीतला रंग दर पाळीला पाहा. पहिल्या दिवशी लालसर, मग फिकट गुलाबी पाणी, हे ठीक. पिवळा-हिरवा रंग आला तर ते पित्त आहे, लगेच सर्जनना कळवा.

दर दिवशी थोडं बरं वाटायला हवं, ही सर्वांत भरवशाची कसोटी. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढतंय, पोट फुगलंय, नाडी जलद आहे, जेवण नको वाटतंय, तर ताप नसला तरी सोनोग्राफी आणि एलएफटी करून घ्या. नलिकेला इजा किंवा पित्तगळती असेल तर आधी साठलेलं पित्त नळीने बाहेर काढणं आणि मग यकृत-पित्तनलिकेच्या तज्ज्ञ सर्जनकडे पाठवणं हा बरोबर क्रम. त्याच ठिकाणी घाईने पुन्हा पोट उघडून नलिका शिवली, तर पुढची दुरुस्ती कठीण होते.

## १०. घरी गेल्यावर

तीन-चार आठवडे तर्री, तळण आणि मटणाचा रस्सा कमी. आयुष्यभर पथ्य लागत नाही. पित्त यकृत बनवतं, पिशवी फक्त साठवत होती. आता ते थेट आतड्यात उतरतं, त्यामुळे काहींना जेवणानंतर लगेच शौचाला जावं लागतं. बहुतेकांचं हळूहळू बसतं, नाही बसलं तर त्यावर औषध आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे पाच किलोच्या वरचं उचलू नका, जड काम चार आठवड्यांनी. वैरणीचा भारा, दुधाचा कॅन आणि पाठीवरचा फवारणीचा पंप हे सगळं जड कामात येतं. ‘छिद्रंच तर आहेत’ म्हणून आठव्या दिवशी पंप पाठीवर घेतला, की बेंबीजवळ हर्निया होऊ शकतो.

छिद्रातून तीन-चार आठवड्यांनी पाणी येऊ लागलं किंवा टाक्याखाली गाठ धरली, तर मेडिकलमधून प्रतिजैविकाचा कोर्स आणून घेऊ नका. इतक्या उशिरा येणारा संसर्ग क्षयरोगाच्या कुळातल्या जंतूंचा असू शकतो, त्याला नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. पू तपासणीला पाठवायला सांगा, एएफबी (सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू शोधण्याची तपासणी) आणि त्या जंतूंचं कल्चर करायला सांगा. आधीच औषधं घेतली तर जंतू सापडणं अवघड होतं.

## ११. स्टेंट आणि बायोप्सीचा रिपोर्ट

ईआरसीपीत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला असेल, तर तो तीन महिन्यांच्या आसपास काढायचा किंवा बदलायचा असतो. त्यानंतर तो गाळाने तुंबतो, त्याच्याभोवती नवे खडे धरतात आणि पुन्हा ताप-कावीळ येते. दुखत नाही म्हणून विसरला जातो. घरात कुणाला मुतखड्यासाठी डीजे स्टेंट बसला असेल, तर दोन्हींची गल्लत होते. मूत्रमार्गाचा स्टेंट काढल्याने पित्तनलिकेतला निघत नाही.

डिस्चार्ज घेताना कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: स्टेंट आहे की नाही, कोणत्या तारखेला बसवला, कोणत्या तारखेपर्यंत काढायचा. त्याच दिवशी मोबाईलमध्ये दहा दिवस आधीची आठवण लावा, ती रुग्णाच्या आणि आणखी एका माणसाच्या मोबाईलमध्ये. काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते, सहा तास उपाशी जायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी विचारायचं. स्टेंट आहे की निघाला हे कुणालाच आठवत नसेल तर पोटाचा साधा एक्स-रे पुरतो, त्यात तो दिसतो.

बायोप्सीचा रिपोर्ट टाके तपासायला जाताना मागून घ्या. बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक कोलेसिस्टायटिस’ एवढंच असतं, म्हणजे जुनी सूज. पण क्वचित खड्यांसोबत लपलेला कॅन्सर याच कागदावर पहिल्यांदा दिसतो. तो भिंतीत किती खोल गेलाय यावर पुढचं ठरतं. भिंतीच्या अगदी आतल्या थरापुरता असेल तर झालेलं ऑपरेशन पुरतं. स्नायूच्या थरात किंवा त्यापुढे गेला असेल तर यकृताचा थोडा भाग आणि लसिकाग्रंथी काढण्याचं दुसरं ऑपरेशन लागतं, तेही काही आठवड्यांच्या आत. रिपोर्ट लॅबमध्ये तयार होऊन पडलेला असतो आणि तो न्यायला कुणीच जात नाही, असं होऊ देऊ नका. टाके तपासायच्या दिवशी तो तयार नसेल, तर केव्हा मिळेल ती तारीख विचारा आणि कार्डावर स्टेंटच्या तारखेखाली लिहा.